घरच्या मीडिया सर्व्हरसाठी स्वस्तात कोणतं मशीन घ्यावं?

गोदाकाठ

नाशिकला घरी जेलीफिन (आपला साठा टीव्ही-फोनवर दाखवणारा मोफत मीडिया सर्व्हर प्रोग्राम) चालवायचं आहे. साठा एकूण ३ टीबीच्या आसपास. त्यात आईवडिलांनी जमवलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, फोनवर काढलेले घरचे व्हिडिओ (अलीकडचे सगळे आयफोनचे ४के एचडीआर), आणि विकत घेतलेल्या काही ब्लू-रे.

बघायला हॉलमध्ये नवा ४के अँड्रॉइड टीव्ही आहे. आतल्या खोलीत जुना फुल एचडी टीव्ही आहे, त्याला साधी फायर स्टिक लावली आहे, ४केवाली नाही. दोन फोन आहेत. बहिणीला पुण्याहून अधूनमधून बघता आलं तर हवं आहे.

डिस्क धरून बजेट २२ हजार. समोर चार पर्याय आहेत:

१. घरात पडून असलेला तिसऱ्या पिढीचा आय५ डेस्कटॉप.
२. रास्पबेरी पाय ५ (एका बोर्डावरचा छोटा संगणक).
३. रिफर्बिश्ड मिनी पीसी. सातव्या पिढीचा आय५ साडेआठ हजार सांगतात, आठव्या पिढीचा तेरा हजार.
४. इंटेलच्या एन१०० चिपचा नवा मिनी पीसी, सतरा हजार.

दुकानदार म्हणतो सातव्या पिढीचा घेऊ नका, जुना झाला. काय करावं?

---

निळीवायर

सातव्या पिढीचाच घ्या. का ते सांगतो.

मीडिया सर्व्हरमध्ये प्रोसेसर किती जोरदार आहे हे जवळजवळ बघायचंच नसतं. फाइल जशी आहे तशी टीव्हीने वाजवली (डायरेक्ट प्ले), तर सर्व्हर फक्त डिस्कवरून वाचून नेटवर्कवर सोडतो. ते काम कोणतंही मशीन करतं. घाम फुटतो तो ट्रान्सकोडिंगला, म्हणजे समोरच्या उपकरणाला फाइल झेपत नाही म्हणून सर्व्हरने ती चालू असतानाच दुसऱ्या रूपात बदलून द्यायची तेव्हा. इंटेलच्या चिपमध्ये यासाठी क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असतो आणि तो कोणत्या पिढीचा आहे यावर सगळं ठरतं.

तुमच्या घरात ट्रान्सकोडिंग कुठे लागेल? दोन ठिकाणी नक्की. आतल्या खोलीतली साधी फायर स्टिक ४के वाजवू शकत नाही. त्यामुळे आयफोनचा व्हिडिओ तिथे लावला की १०८०पी करून द्यावा लागेल. टीव्ही एचडीआर नसल्यामुळे रंगही उतरवून द्यावे लागतील (टोन मॅपिंग); ते केलं नाही तर चित्र राखाडी आणि धुतल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे बहिणीचं पुण्याहून बघणं. आयफोनचा ४के ६० फ्रेमचा एचडीआर व्हिडिओ पन्नास-साठ एमबीपीएसपर्यंत जातो. तो घरच्या अपलोडवरून तसाच पाठवण्यात अर्थ नाही.

आयफोनच्या या फायली १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत आवळून ठेवायचा एक प्रकार) असतात. आता पिढ्या बघा:

तिसरी पिढी: एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये नाहीच. सगळा भार कोअरवर येईल आणि ४के चालताना अडखळेल. पर्याय १ बाद.
सहावी: ८ बिट एचईव्हीसी आहे, १० बिट धड नाही.
सातवी: १० बिट एचईव्हीसी डिकोड (उलगडणं) आणि एनकोड (परत आवळून लिहिणं) दोन्ही, शिवाय व्हीपी९ हा गूगलचा व्हिडिओ प्रकार.
आठवी, नववी, दहावी: डेस्कटॉप चिपमध्ये मीडिया इंजिन सातवीचंच. कोअर वाढले, हा भाग तोच राहिला.
अकरावी आणि पुढे, तसंच एन१००: एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचं डिकोडसुद्धा.

म्हणजे साडेआठ हजारांत जे क्विक सिंक मिळतंय, तेच तेरा हजारांतही मिळेल. सातवी पिढी स्वस्त का, तर विंडोज ११ची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कार्यालयांनी ही मशीन्स गठ्ठ्याने काढली. तुम्ही त्यावर डेबियन (लिनक्स) टाकणार, तुम्हाला त्याचं काही नाही. आठव्या पिढीच्या आय५ला चाराऐवजी सहा कोअर आहेत. पुढे त्याच मशीनवर फोटोंचा सर्व्हर, होम असिस्टंट वगैरे बरंच काही चालवायचं असेल तरच साडेचार हजार जास्तीचे घाला.

एन१०० उत्तम चिप आहे, वीज कमी खाते, पण तुमच्या साठ्यात एव्ही१ नाही आणि त्या पैशात डिस्क येते.

पाय ५मध्ये हार्डवेअर एनकोडर अजिबात नाही. एचईव्हीसी डिकोड आहे, पण बदलून परत लिहायचं काम कोअरवर पडतं. त्यात बोर्ड, २७ वॉटचा अडॅप्टर, कूलर, केस, स्टोरेज धरलं की सातव्या पिढीच्या मिनी पीसीच्या वरच हिशेब जातो. आणि अडॅप्टर ३ अँपिअरचा लावला तर चारही यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर मिळतात. त्यावर बाहेरची डिस्क मध्येच गळते.

एक सावधगिरी. बाजारात जुन्या झिऑनच्या वर्कस्टेशन स्वस्तात दिसतील, आणि इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' आहे तीही. 'एफ'वाल्यांत आणि झिऑनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. कितीही कोअर असोत, या कामाला नकोत.

---

चकतीवाला

निळीवायर यांच्याशी सहमत. मी डिस्कचं लिहितो, कारण बजेटचा अर्धा भाग तिथे जाणार आहे.

मिनी पीसीमध्ये ३.५ इंची डिस्क बसत नाही. आत एक एम.२ आणि एक २.५ इंची सॅटाची जागा असते. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते या डब्यात मिळत नाहीत. म्हणून दोन मार्ग: २.५ इंची पोर्टेबल डिस्क, जी यूएसबीवरच चालते, किंवा ३.५ इंची डिस्क आणि स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला यूएसबी डबा. ३ टीबीचा साठा आहे आणि वाढणार आहे, तर ४ टीबी तोकडीच पडेल, पण बजेटमध्ये तीच बसते. पुढे दुसरी जोडता येते.

एसएमआर (डिस्कवरच्या ओळी एकमेकींवर चढवून लिहिलेल्या) की सीएमआर (ओळी सुट्या) यावर लोक फार घाबरवतात. २.५ इंची मोठ्या पोर्टेबल डिस्क जवळपास सगळ्या एसएमआर असतात. मीडियासाठी एकटी डिस्क वापरायची तर काही बिघडत नाही: एकदा लिहायचं, शंभरदा वाचायचं. पहिल्यांदा ३ टीबी भरताना मध्येच वेग २०-३० एमबीपर्यंत घसरेल, तेव्हा डिस्क खराब आहे असं समजू नका. एसएमआर टाळायची ती रेड (RAID) आणि झेडएफएस या अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतींमध्ये, कारण तिथे एक डिस्क बदलून पुन्हा बांधणी करताना दिवसच्या दिवस लागतात आणि कधी बांधणी सुटतेच. घेताना नाव पूर्ण वाचा: वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड प्लस' (Red, हे डिस्कचं नाव) सीएमआर आहेत, पण नुसत्या 'रेड' नावाच्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर निघतात. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहे.

यूएसबीवर दोन डिस्क लावून रेड करू नका. एक केबल क्षणभर हलली तरी ॲरे तुटतो. त्यापेक्षा दुसरी डिस्क घेऊन त्यावर रात्री आरसिंकने (फक्त बदललेल्या फायली उतरवणारा प्रोग्राम) प्रत काढा. सगळ्याची नको. ब्लू-रे पुन्हा रिप करता येते. घरचे व्हिडिओ आणि नाटकांच्या व्हीसीडी येत नाहीत, आणि त्या चकत्यांचा वरचा थर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने सुटत चाललेला असतो. तेवढ्या भागाला १ टीबी पुरेल. ती डिस्क बहिणीकडे ठेवा.

फॉरमॅट ईएक्सटी४ करा. विंडोजची एनटीएफएस लिनक्सवर चालते, पण वीज अचानक गेल्यावर ती 'फक्त वाचा' अवस्थेत अडकते आणि विंडोजशिवाय नीट दुरुस्त होत नाही. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (लिनक्सचा मुख्य वापरकर्ता) राखून ठेवते. ४ टीबीवर हे २०० जीबी झाले! मीडियाच्या डिस्कवर त्याची गरज नाही, फॉरमॅट करतानाच राखीव टक्का शून्य करा.

डिस्क एफस्टॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ती लिनक्सची यादी) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने लिहा, कारण एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होतात. सोबत 'नोफेल' हा पर्याय घाला. तो नसला आणि एखाद्या दिवशी डिस्क वेळेत जागी झाली नाही, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, आणि मॉनिटर नसल्यामुळे तुम्हाला फक्त 'सर्व्हर बंद' एवढंच दिसतं.

---

गोदाकाठ

दोघांचेही आभार. सातवी पिढी आणि ४ टीबी पोर्टेबल असं ठरवतो. आता तीन शंका.

रिफर्बिश्ड घेताना दुकानात नेमकं काय तपासायचं? आमच्याकडे वीज दिवसातून एक-दोनदा जाते, घरात इन्व्हर्टर आहे, तर वेगळा यूपीएस लागेल का? आणि चोवीस तास चालू ठेवल्यावर बिल किती वाढेल?

---

सह्यकडा

बिलापासून सुरू करतो. १ वॉट सतत चालला तर वर्षाला ८.७६ युनिट होतात. हा आकडा पाठ करून ठेवा. सातव्या पिढीचा मिनी पीसी रिकामा असताना दहाच्या आसपास वॉट घेतो, पोर्टेबल डिस्कसह १५ धरा: महिन्याला ११ युनिट, वर्षाला १३१. तुमचा जुना डेस्कटॉप ५० वॉट धरला तर महिन्याला ३६, वर्षाला ४३८. फरक ३०७ युनिटांचा, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला तीन हजारांवर. 'फुकट' डेस्कटॉप तीन वर्षांत मिनी पीसीची किंमत वसूल करतो. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे आहेत. तुमचा उन्हाळ्यातला वापर आधीच ३००च्या काठावर असेल तर हे युनिट वरच्या दराने लागतात, म्हणून हिशेबाला स्वतःच्या बिलातला वरच्या टप्प्याचा दर घ्या.

इन्व्हर्टर आहे तर आधी त्याची मागची कळ बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. इकोमध्ये बदल व्हायला वेळ लागतो: पंखा-दिव्याला कळत नाही, पण संगणक रीस्टार्ट होतो. कळ यूपीएसवर असेल आणि मशीन इन्व्हर्टरच्याच लायनीवर असेल, तर वेगळा यूपीएस घेऊ नका. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच लायनीवर हवा, नाहीतर सर्व्हर चालू आणि नेट बंद.

यूपीएस घ्यायचाच झाला तर साधा ६०० व्हीएचा पुरतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. मिनी पीसी, डिस्क, राउटर मिळून २५-३० वॉट. यूपीएस स्वतःही खातो, म्हणून नवी बॅटरी असताना तासभर धरून चाला. स्वस्त मॉडेलना बहुतेकदा यूएसबी पोर्ट नसतो, मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही आणि तो आपोआप बंद होत नाही. दुकानात पाठीमागचा पोर्ट बघून घ्या.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणारी मूळ सेटिंग्ज) 'वीज परत आल्यावर' हा पर्याय 'चालू' वर ठेवा. मूळ सेटिंग बहुधा 'बंदच राहा' असते, आणि मग वीज आल्यावर कोणीतरी बटण दाबायला लागतं.

दुकानात तपासायचं ते असं. सगळ्यात आधी अडॅप्टर. डेल आणि एचपीची मशीन्स अडॅप्टरच्या मधल्या पिनेवरून तो कोणता आहे ते ओळखतात. साधा बदली अडॅप्टर दिला तर मशीन चालू होतं, पण 'अडॅप्टर ओळखता आला नाही' असा संदेश येतो आणि प्रोसेसर अगदी खालच्या वेगावर अडकतो. मग सगळं संथ आणि कारण सापडत नाही. मूळ कंपनीचाच अडॅप्टर मागा, त्यावरचे वॉट वाचा.

मग झाकण उघडायला सांगा. २.५ इंची डिस्कचा कंस आणि त्याची चपटी सॅटा केबल जागेवर आहे का? कार्यालयातून निघालेल्या मशीनमधून या दोन गोष्टी हमखास गायब असतात, आणि नंतर सुट्या घ्यायला गेलात तर मॉडेलनुसार वेगळ्या लागतात. बायोसमध्ये शिरून बघा, पासवर्ड मागितला तर ते मशीन ठेवून द्या. रॅम ४ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा बरं, कारण ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन चॅनेल ४के ट्रान्सकोडिंगला उपयोगी पडतात. एसएसडीचं आरोग्य स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःची ठेवते ती नोंद) दाखवायला सांगा. घरी आणल्यावर थर्मल पेस्ट बदला आणि बायोसची सीआर२०३२ बॅटरी नवी टाका. वेळ आणि बायोसची सेटिंग्ज त्या बॅटरीवर टिकतात. ती मेली की वर सांगितलेलं 'चालू' सेटिंगही पुसलं जातं.

---

खाडीपलीकडे

कमी खर्चातला अजून एक मार्ग नोंदवतो, कारण धागा नंतर वाचणाऱ्यांना कामाला येईल. स्क्रीन फुटलेला किंवा बिजागरी तुटलेली असा सातव्या-आठव्या पिढीचा लॅपटॉप असेल तर तोही चालतो. क्विक सिंक आहे, वीज कमी, आणि बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. दोन गोष्टी मात्र करा: झाकण मिटल्यावर झोपू नये असं सेटिंग, आणि बायोसमधून चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवणं. सतत पूर्ण चार्ज आणि उष्णता यांनी बॅटरी फुगते. ट्रॅकपॅड वर आलेला दिसला की बॅटरी लगेच काढा. चार्जिंगला मर्यादा घालायची सोय नसेल तर बॅटरी काढून यूपीएसवरच चालवा.

कोकणात किंवा घाटाखाली राहणाऱ्यांसाठी: विजांचा कडकडाट असताना फायबरमधून धोका नसतो, पण गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून तांब्याची लॅन केबल आलेली असेल तर तिच्यातून येणारा झटका राउटर आणि सर्व्हर दोन्हींचे पोर्ट जाळतो. ती केबल पावसाळ्यात काढून ठेवा किंवा मध्ये फायबरचा तुकडा घाला.

नेटवर्कबद्दल कोणी लिहिलं नाही. नव्या ४के टीव्हीलासुद्धा लॅनचा पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो. ४के ब्लू-रे १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकते, म्हणजे केबल लावूनही ती थबकत राहते आणि लोक सर्व्हरला दोष देतात. अशा फायलींना टीव्हीच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर वेग जास्त मिळतो. साध्या ब्लू-रेचा व्हिडिओ ४० एमबीपीएसच्या वर जात नाही, तिला केबलच बरी. सर्व्हर मात्र राउटरला केबलनेच जोडा.

---

निळीवायर

मशीन आल्यावर काय करायचं तेही लिहून ठेवतो.

डेबियन एसएसडीवर, डेस्कटॉपशिवाय. जेलीफिनच्या वापरकर्त्याला 'रेंडर' ग्रुपमध्ये घालायचं. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) चालवणार असाल तर डीआरआयचं उपकरण, म्हणजे ग्राफिक्स चिप, कंटेनरमध्ये द्यायचं आणि तोच ग्रुप त्याच्या क्रमांकाने जोडायचा. हे राहिलं की जेलीफिन काही ठिकाणी 'प्लेबॅक एरर' देतं, नाहीतर गुपचूप कोअरवर ट्रान्सकोड करत बसतं आणि पंखा ओरडतो. सेटिंगमध्ये क्विक सिंक निवडा, डिकोडच्या यादीत एच.२६४, एचईव्हीसी, १० बिट एचईव्हीसी, एमपीईजी-२ आणि व्हीपी९ला खूण करा. एव्ही१ला खूण करू नका. सातव्या पिढीत ते नाही, आणि खूण केली तर ती फाइल चालूच होणार नाही. टोन मॅपिंग चालू करा. (एन१०० घेणाऱ्यांनी 'लो-पॉवर' एनकोडर चालू करायचा.) खात्री करायला आयफोनचा व्हिडिओ फोनवर कमी दर्जात लावा आणि इंटेल जीपीयू टॉप या प्रोग्राममध्ये व्हिडिओची पट्टी हलते का बघा. जेलीफिनचा डॅशबोर्ड ट्रान्सकोड का होतंय त्याचं कारणही दाखवतो. अनेकदा कारण फक्त आवाज असतो, उदाहरणार्थ टीव्हीला डीटीएस हा आवाजाचा प्रकार चालत नाही; तेवढं बदलायला मशीनला काहीच लागत नाही.

ट्रान्सकोडच्या तात्पुरत्या फायली एसएसडीवरच राहू द्या. ८ जीबी रॅममध्ये हलवल्या तर एका लांब ४के व्हिडिओने रॅम भरेल. 'पुढचं ट्रान्सकोड रोखून धरा' आणि 'जुने तुकडे पुसा' हे दोन्ही पर्याय चालू ठेवा.

आता नाटकं. व्हीसीडीतल्या डॅट फायली तशाच लायब्ररीत टाकू नका. आत ३५२ बाय २८८चा एमपीईजी-१ असतो, १.१५ एमबीपीएसचा. एफएफएमपेगने (व्हिडिओ रूपांतराचा मोफत प्रोग्राम) एकदाच एच.२६४ करून एमपी४ मध्ये ठेवा. आकार वाढवू नका, टीव्ही ते चांगलं करतो. डीव्हीडीचं वेगळं आहे: ७२० बाय ५७६, आणि रंगमंचावरचं चित्रीकरण बहुतेक इंटरलेस्ड, सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींचं. हे डीइंटरलेस करताना २५ फ्रेम करून टाकले तर हालचालीचा निम्मा ओघ जातो. बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर वापरून ५० फ्रेम ठेवा, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) १८ ते २०. रात्री रांगेत लावून द्या, आणि मूळ फायली निदान प्रत निघेपर्यंत पुसू नका.

नाटकांसाठी लायब्ररीचा प्रकार 'चित्रपट' ठेवू नका. नाटकाच्या नावाचा भलताच सिनेमा शोधून त्याचं पोस्टर चिकटवलं जातं. 'होम व्हिडिओ' प्रकार घ्या, पोस्टर म्हणून व्हीसीडीच्या वेष्टनाचा स्कॅन त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मराठी सबटायटल असतील तर फाइल यूटीएफ-८मध्ये जतन केलेली हवी, आणि सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट टाकलेला हवा. नाहीतर सबटायटल चित्रात छापायची वेळ आली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

बहिणीसाठी राउटरवर पोर्ट उघडू नका. घरच्या बऱ्याच जोडण्यांना आता स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, सगळे सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता) असतात, त्यामुळे ते चालण्याची खात्रीही नाही. सर्व्हरवर आणि तिच्या फोनवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर टेलस्केल (दोन्हींना खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका. तिच्या वापरकर्त्याला जेलीफिनमध्ये ८ एमबीपीएसची मर्यादा घाला. मग ४के काही लावलं तरी क्विक सिंक ते १०८०पी करून पाठवेल.

---

गोदाकाठ

इन्व्हर्टरची कळ बघितली, इकोवरच होती. यूपीएसवर केली.

दुकानदाराकडे सातव्या पिढीचे दोन प्रकार आहेत: आय५-७५००टी आणि आय३-७१००टी, आय३ दीड हजारांनी स्वस्त. क्विक सिंक सारखंच असेल तर आय३ चालेल का?

---

निळीवायर

दोन्हींत एचडी ६३० हेच ग्राफिक्स आहे, व्हिडिओचं काम सारखंच होईल. आय३ला दोनच कोअर आहेत. लायब्ररी स्कॅन करणं, लघुचित्रं काढणं आणि नाटकांच्या त्या एच.२६४ रूपांतराला तुम्ही सॉफ्टवेअर एनकोडर वापरणार, तिथे चार कोअरचा फरक दिसेल. रूपांतर दुसऱ्या संगणकावर करणार असाल तर आय३ घ्या आणि उरलेले दीड हजार प्रतीच्या डिस्ककडे वळवा.